पक्की गवसणी

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खो-खो शिकवता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शिकवून बघावं. समोर पोरी पळत असतात, एखादी खांबाजवळ नको तेव्हा कचरते, आणि घशाशी आलेली हाक गिळावी लागते. हाक मारली की माझी नाडी वाढते, नाडी वाढली की मनगटावरचा पट्टा थरथरतो, आणि पट्टा थरथरला की लगेच माझ्या नवऱ्याचा, उदयचा, फोन येतो.

"वृषाली, काय झालं?"

"काही नाही. एका पोरीनं फाउल केला."

"मग करू दे ना. तू शांत बस."

मी शांत बसते. दोन वर्षं मी शांत बसण्याशिवाय दुसरं काही केलेलं नाही.

मी वृषाली खामकर. साताऱ्यात मुलींना खो-खो शिकवते. शिकवत होते, हे जास्त खरं. दोन हजार एक्केचाळीसच्या हिवाळ्यात मैदानावरच मला झटका आला आणि हृदयाच्या डाव्या भिंतीचा एक तुकडा मेला. मेलेला स्नायू परत येत नाही. तिथे व्रण होतो, व्रणाची भिंत पातळ असते आणि रोजच्या दाबानं ती फुगत जाते. झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते, तसंच ते. पूर्वी अशा पेशंटला गोळ्या देऊन देवावर सोडत. आता शस्त्रक्रिया करून हृदयावर वरून गवसणी घालतात.

ही गवसणी म्हणजे एक पातळ, ओलसर जाळं. रेणूंच्या लांबलचक साखळ्या आणि त्यांना एकमेकींत बांधणाऱ्या गाठी. सुरुवातीला यातल्या बऱ्याच गाठी कच्च्या असतात. हृदय जोरात फुगलं की त्या सुटतात आणि जरा सरकून पुन्हा बांधल्या जातात, म्हणजे जिथे ताण येतो तिथे जाळं जागा देतं आणि मजबूतही होतं. व्यायामानं दंड भरावा तसा हा पदार्थ ओढाताणीनं तयार होतो. पहिले सहा आठवडे ही त्याची शिकवणी चालते. हृदय कमीत कमी किती आकसतं आणि जास्तीत जास्त किती फुगतं, ते जाळं शिकून घेतं. मग एका बारीक तंतूतून ठरावीक रंगाचा प्रकाश आत सोडतात आणि सगळ्या गाठी पक्क्या होतात. त्या पक्क्या कराव्याच लागतात, नाहीतर जाळं सैल होत राहील आणि भिंत फुगत राहील. सहा आठवड्यांत हृदयानं जेवढी जागा मागितली तेवढी त्याची. त्यापुढे गवसणी तसूभर हलत नाही. जास्त जोर पडला तर हृदयाला भरायला जागाच उरत नाही आणि माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझ्या गवसणीनं मला दिलेली जागा म्हणजे चहा करण्याइतकी. जिना चढता येत नव्हता, म्हणून आम्ही घर बदलून तळमजल्यावर आलो. मनापासून हसले तरी पट्टा थरथरायचा. माझी मावशी वारली ते मला महिन्याभरानं सांगितलं, तेही गोळी देऊन. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. माझं हृदयच कमकुवत निघालं, गवसणीनं तरी किती करावं, असं उदय सांगायचे आणि मी ते मान्य केलं होतं. मान्य न करून काय करणार होते?

पुण्याला दर सहा महिन्यांनी तपासणी असे. यंदा तिथे नवीन डॉक्टर होत्या, नाझनीन तांबोळी. वयानं माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. उदय शेजारी बसले असूनही त्या माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या. मला त्याची सवय नव्हती. आमच्याकडे डॉक्टर घरच्यांशी बोलतात. घरचे कॉरिडॉरमध्ये जाऊन ऐकून येतात आणि पेशंटला झेपेल तेवढं आत येऊन सांगतात.

"खामकर मॅडम, एक कोडं मला सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमची गवसणी लहान बसलीय. आणि नोंदी तर सांगतात की शिकवणीच्या काळात तुम्ही रोज अजिंक्यतारा चढत होता. नाडी एकशे चाळीसपर्यंत जात होती. एवढं केल्यावर ती लहान बसेल कशी?"

"कोण चढत होतं?"

"तुम्ही."

मला हसू आलं. "अहो डॉक्टर, ते सहा आठवडे मी अंथरुणात होते. पूर्ण विश्रांती सांगितली होती ना तुम्ही लोकांनी? मला बाथरूमलासुद्धा धरून नेत होते."

"विश्रांती?" डॉक्टरांनी उदयकडे पाहिलं. "आम्ही तर उलट सांगतो. चढा, पळा, भांडा, काय करायचं ते करा. गवसणी त्यातूनच शिकते."

उदय पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होतं.

"चढत होती," ते म्हणाले. "मी बरोबर असायचो. औषधांमुळे तिला आठवत नाही. तेव्हाचं तिला बरंच काही आठवत नाही."

लग्नाला तीस वर्षं होत आली, पण हा माणूस इतक्या सहज खोटं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि ते ऐकता ऐकताच मला त्या सहा आठवड्यांतल्या सकाळी आठवल्या. उजाडायच्या आत उदय माझ्या मनगटावरचा पट्टा सोडून चार्जिंगला न्यायचे. बऱ्याच वेळानं आणून बांधायचे. घामाघूम असायचे. म्हणायचे, आज दुधाला लांब जावं लागलं. त्या वेळचा पट्टा नाडी आणि चढ मोजायचा, पण मनगट कुणाचं ते त्याला कळत नसे.

"डॉक्टर, हे खोटं बोलतायत," मी म्हणाले. पट्टा थरथरू लागला. उदयनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना नजरेनंच खुणावलं, बघा, ही अशी होते.

डॉक्टरांनी मला पाणी दिलं, नाडी उतरू दिली आणि मग समजावून सांगितलं. शक्यता दोनच होत्या. मी खरंच चढले असेन तर गवसणीचा मालच सदोष. मग तिला हात लावणं म्हणजे मरण, कारण नरम करायला गेलं की ती विरघळेल आणि भिंत टेबलावरच फाटेल. पण मी चढले नसेन तर माल उत्तम आहे. जे शिकवलं तेच तो शिकला. मग दुसऱ्या रंगाच्या प्रकाशानं गाठी पुन्हा कच्च्या करता येतील आणि शिकवणी पहिल्यापासून घेता येईल.

"त्यातही दहात एकाला धोका आहे, हे मी लपवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि जे करायचं ते पावसाळ्याच्या आत. त्यानंतर तुमचं स्वतःचं मांस जाळ्यात शिरलेलं असेल. मग गवसणी कुणालाच सोडवता येणार नाही. मी हे इथल्या डॉक्टरांच्या समितीपुढे ठेवते. तिथे तुम्हा दोघांनाही विचारतील. नोंद एक सांगते आणि पेशंट दुसरं सांगतो, अशा वेळी जो सोबत होता त्याच्या शब्दाला वजन असतं."

परतताना गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे उदयना रस्त्याकडे बघत राहायचं निमित्तही उरलं नव्हतं. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत मी गप्प राहिले आणि नाडी खाली ठेवली. मग शक्य तितक्या सपाट आवाजात विचारलं, "का?"

त्यांनी लगेच सांगितलं. इतके दिवस कुणी विचारण्याचीच वाट बघत असल्यासारखं.

"ते कॉरिडॉरमध्ये सांगत होते, हिला डोंगर चढवा. आणि तू आत नळ्या लावून पडली होतीस. तुझा हात हातात घेतला तर कागदासारखा लागत होता. चढावर पडली असतीस तर?"

"मला विचारायचं होतं."

"तू हो म्हणाली असतीस. म्हणून तर नाही विचारलं."

"आणि पट्टा?"

"नोंद गेली नसती तर ते तुला हॉस्पिटलातच ठेवून घेऊन पळायला लावणार होते. वृषाली, मी आयुष्यभर धरणावर काढलंय. पाणी धोक्याच्या खाली ठेवलं की कुणी मरत नाही, एवढं मला कळतं. तू जिवंत आहेस."

उदय पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही दरवाजा अर्ध्याहून जास्त उघडला नाही, असं त्यांचे सहकारी कौतुकानं सांगतात.

"मी धरण नाही," मी म्हणाले. "समितीपुढे खरं सांगा."

"दहात एक," ते म्हणाले. "मी ऐकलंय. नाही सांगणार."

गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षांत पोट उतरलं होतं, खांदे मोकळे झाले होते, चेहऱ्यावर उन्हाचा रंग होता. जी मेहनत माझ्या हृदयावर व्हायची होती ती त्यांच्या अंगावर दिसत होती.

"अजून जाता किल्ल्यावर?"

त्यांनी मान खाली घातली. "सवय लागली. चार माणसं ओळखीची झालीत तिथे."

खोटं मी एकवेळ पचवलं असतं. हे मला पचलं नाही. मी खिडकीत बसून कोथिंबीर निवडत असताना हा माणूस माझा डोंगर चढून येत होता आणि वर म्हणत होता, दूध महाग झालंय.

घरी आल्यावर मी शाल्मलीला फोन लावला. आमची मुलगी नागपूरला असते. शस्त्रक्रियेनंतर ती रजा घेऊन घरी राहिली होती, उशाशी बसून मला पेपर वाचून दाखवायची. अपघाताच्या बातम्या सोडून.

"तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "आई, बाबांनी प्रेमापोटीच केलं गं."

प्रेमापोटी. या शब्दापुढे माणसाची वाचाच बसते. वैऱ्यानं कोंडलं असतं तर मी दार वाजवलं असतं, आरडाओरडा केला असता. इथे कोंडणाराच सकाळी गरम पाणी आणून देत होता.

"मग आता प्रेमापोटी समितीला खरं सांग."

"बाबा म्हणतात, दहात एक..." ती रडायला लागली. "मी तुला पुन्हा तसं नाही बघू शकत."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रागावले असते तर बरं होतं, पण मला रागावता येत नव्हतं. दोन वाक्यं बोलले की पट्टा थरथरायचा, उदय मऊ आवाजात म्हणायचे, "नंतर बोलू, हं," आणि उशी सारखी करायचे. भांडायला लागणारा दमसुद्धा माझ्याकडे नव्हता. मी अबोला धरला, तर त्यांनी घरात आणखी शांतता केली. मिक्सरसुद्धा ते मी मैदानावर गेल्यावरच लावायला लागले. खो-खोत रांगेत बसलेल्या गड्याला मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मी दोन वर्षं तशी बसले होते, आणि खो देणारा माणूस माझ्या पाठीशी उभा राहून मला शाल पांघरत होता.

समितीची बैठक एप्रिलच्या अखेरीस होती. साधी खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं वयस्कर डॉक्टर आणि कडेला तांबोळी. भिंतीवर माझ्या जुन्या नोंदींचा आलेख लावला होता. रोजचा एक चढ आणि रोजचा एक उतार, डोंगरांची रांगच. तो आलेख मी पहिल्यांदाच बघत होते. सुरुवातीला टोकं सारखी वरखाली होती, पुढे ती सुबक होत गेली होती. चढणारा सुधारत गेला होता.

मधल्या डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी उदयना विचारलं.

"ती चढत होती," उदय म्हणाले. "मी रोज बरोबर होतो."

"तुम्हाला खात्री आहे? कारण तुम्ही असं म्हणत असाल तर आम्हाला हा विषय इथेच थांबवावा लागेल. मॅडमना आहे तसंच राहावं लागेल. कायम."

"आहे तशी ती बरी आहे," उदय म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. आजवर ज्या आवाजात त्यांनी मला 'शांत बस' म्हटलं होतं, तोच हा आवाज.

मी खुर्चीवरून उठले, खुर्ची बाजूला सारली आणि उठाबशा काढायला लागले.

पहिल्या दोन-तीनला कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग उदयच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला. माझी नाडी त्यावर दिसते, मला माहीत होतं.

"वृषाली, काय करतेस? बस खाली."

मी बसले आणि पुन्हा उठले. गुडघे कुरकुरत होते, पण पाय विसरले नव्हते. छातीत हृदय गवसणीवर आतून धडका मारायला लागलं. हा धडकांचा आवाज मी दोन वर्षं टाळत आले होते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा जास्त बरं वाटत होतं.

तांबोळी धावत आल्या आणि त्यांनी माझा दंड धरला. "मॅडम, थांबा. गवसणीच्या कडेचे टाके तुटतील."

"थांबते," मी म्हणाले. "यांनी सांगितलं की थांबते."

मी हात सोडवून घेतला आणि पुन्हा खाली बसले. खोलीचे कोपरे काळे व्हायला लागले होते. फोन आता थांबत नव्हता. उदय त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, पुन्हा त्याच्याकडे. आकडा शंभराच्या वर गेला होता आणि चढत होता. जी भीती दाखवून त्यांनी मला घरात ठेवलं, तीच मी त्यांच्या हातात दिली होती.

"मी," उदय म्हणाले. "मी चढत होतो. पट्टा माझ्या हातात असायचा. ती अंथरुणात होती. थांबवा तिला, तिला थांबवा कुणीतरी, मीच चढलो."

मी जमिनीवरच बसले. समोरचं नीट दिसत नव्हतं. उदय माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. मोठ्या आवाजात त्या माणसाला मी कित्येक वर्षांनी ऐकत होते.

मे महिन्यात गवसणी नरम केली. मी शुद्धीवर आले तेव्हा शाल्मली पायाशी उभी होती आणि तांबोळी उशाशी. "दहातल्या नऊमध्ये आहात," त्या म्हणाल्या. "पण खरा धोका पुढे आहे. आता गाठी कच्च्या आहेत. चढाल तशी ती जागा देईल, आणि फार घाई केलीत तर खालची भिंतही जागा देईल. कधी थांबायचं ते तुमचं तुम्हाला कळायला हवं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही." नवीन पट्टा त्यांनी स्वतः माझ्या हातात बांधला. हा मनगट ओळखतो. आमच्या प्रकरणानंतरच ती सोय केली, असं म्हणाल्या.

मी घरी न जाता एका जुन्या विद्यार्थिनीकडे राहिले. उदयनी विचारलं, "किल्ल्यावर बरोबर येऊ का? मागे राहीन, बोलणार नाही." मी नको म्हणाले. सहा आठवड्यांनंतर घरी येणार का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

सुरुवातीला मी सपाटीवर चालले, मग वाटेच्या पहिल्या चढापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या आठवड्यात ठरवलं की आज किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत. ऊन अजून वर आलेलं नव्हतं. पहिल्या वळणाला दम लागला, तरी थांबले नाही. दुसऱ्या वळणाला रोजची मंडळी बसली होती, चार-पाच जण, वाटेवरच पाय पसरून. त्यांतले एक थोराड, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ मला बघून उठले.

"तुम्ही खामकर वहिनी न्हवं का? सायब फोटो दावायचे तुमचा."

मी मान हलवली. बोलण्याइतका श्वास नव्हता.

"दोन वर्सं झाली, पावसातसुदिक खाडा न्हाई त्यांचा. आम्ही इचारलं, सायब एवढं कशापायी? तर म्हनले, बायकोसाठी चढतोय." त्यांनी हात जोडले, बहुतेक त्या गैरहजर माणसाला. "आसा नवस कोन बोलत न्हाई ओ आजकाल. आता तुमी सवता चालत आलाय, म्हंजे पुरा झाला म्हनायचा?"

मी तिथेच उभी राहिले. मला या माणसांवर ओरडावंसं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. इथे उदय खोटं बोलले नव्हते. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच माझ्यासाठी चढत होते, पाऊस असो की ऊन, आणि प्रत्येक पावलागणिक माझ्यावरचं जाळं घट्ट करत होते. हृदय जोरजोरात आपटत होतं. दोन वर्षं ते ज्या जागेवर येऊन अडायचं, त्या जागेवर ते आलं. आत काहीतरी ओढलं गेलं, ताणलं गेलं, आणि किंचित सुटलं. ते सैल होणं होतं की फाटणं, ते मला कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी येते का, म्हणून मी वाट बघितली. समोरचा दगड दगडच दिसत राहिला.

"नवस त्यांचा नव्हताच, डोंगर माझा होता," मी म्हणाले. "आणि तुम्ही वाट अडवून बसलाय. जरा सरका, मला वर जायचंय."